डाव्या कोपऱ्यातला गडी

मामा, तुमाला माझी वळख पटणार न्हाय, हे मी आदीच धरून चालते. जित्तेपणी इतकी वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्ली, तरी मला हाक मारताना तुमच्या तोंडात थोरल्या जावेचं नाव यायचं, आन ती तर वेगळी निघून कवाच सोलापूरला गेली होती. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा हुडकायचे. जेवून, हात धुवून, सुपारी कातरून परत पाटावर येऊन बसायचे आन वर म्हणायचे, आज सैपाकाला उशीर दिसतोय. मेल्यावर माणसाची याद सुधारत असंल तर जरा ताण द्या. मी तुमची धाकटी सून. चुलीपाशी बसणारी, कपाळाच्या खालपतोर पदर वढलेली. तोंड तुमी बहुतेक नीट बघितलंच न्हाय, तवा तेवढं इसरला असाल तर माफ हाय.

हे नात लिहायली हाय. मला अक्षर येत न्हाय आन तुमालाबी येत न्हवतं, म्हणजे अंगठेवालीनं अंगठेवाल्याला पत्र धाडायचा हा परकार हाय. तिकडं शाळा शिकलेला कुणीतरी आला असंल, त्याच्याकडून वाचून घ्या. नात इचारती, आज्जी, ‘न्हाय’च्या जागी ‘नाही’ लिहू का. म्हणलं, मी बोलते तसंच लिही, न्हायतर त्यांना वाटंल तलाठ्याची नोटीस आली.

तुमाला ठाव हाय, सासऱ्याशी तोंडातोंडी बोलायची आपल्यात रीत न्हवती. आत्या होत्या तवर तुमचं बोलणं त्यांच्या तोंडून मला यायचं आन माझं त्यांच्या तोंडून तुमाला. त्या गेल्या, मग मधी राहिली ती म्हैस. तुमी ओसरीवरनं म्हणायचे, म्हशे, आज कालवणात मीठ न्हाय. मी चुलीपासनं म्हणायची, म्हशे, मिठाचं मडकं त्यांच्या डाव्या हाताशी हाय. घरात सगळ्यात शहाणं जनावर तेच. दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं आन कुणाचंच मनावर घ्यायचं न्हाय. तर आज पहिल्यांदाच मी म्हशीला मधी न घेता तुमच्याशी बोलते. पहिलंच बोलणं चांगलं काहीतरी असावं असं मलाबी वाटत होतं. पण मामा, मला शिसारी आलीय. पाडवा झाला तवापासनं तोंडाला चव न्हाय. घरात कुणाला सांगावं तर सून म्हणती, जाऊ द्या आत्या. गावात सांगावं तर गाव टाळ्या वाजवून बसलंय. राहिलात तुमी.

बोलायचंय ते तुमच्या नातवाबद्दल, माझ्या लेकाबद्दल. त्या दिवसाची याद करा. मी तव्यावर भाकरी टाकते, तुमी ओसरीवर अंबाडीचा दोर वळताय, आन पोरगं धुळीनं पांढरं होऊन दारातनं वरडत येतंय, आई, मला गडी म्हणून घेतलं, मोठ्या घरच्यांनी मला गडी म्हणून घेतलं. तुमच्या हातातला दोर तिथंच थांबला. मोठं घर म्हणजे काय, हे तुमच्यापेक्षा जास्त कुणाला ठाव? उभी जवानी तुमी त्या घरी सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं, पाडव्याला संपायचं, आन संपलं त्याच दिवशी नवं लागायचं. तसं राबून राबून माळावरचा एक तुकडा केला आन त्या दिवशी देव्हाऱ्यापुढं उभं राहून मोठ्यानं म्हणाला होता की आता ह्या घरातलं कुणी कुणाचं साल धरणार न्हाय. आन हितं नातू नाचत सांगतोय, मला गडी म्हणून घेतलं.

तुमी काठी घेऊन उठला. “कुणाचं साल धरलंस? बोल.”

“साल न्हवं आबा. डावा कोपरा.”

“कोपऱ्यात काय करायला बसवणार तुला? शेण भरायला?”

“बसायचं न्हाय आबा, उभं राहायचं. आन माणूस आला की त्याचा पाय धरायचा.”

पाय धरायचा म्हणल्यावर तर तुमी लालच झाला. तो पुढं, तुमी मागं, म्हैस दाव्याला हिसके देती, आन मी पदर तोंडात कोंबून हसायली. तव्यावरची भाकरी जळाली ती मीच खाल्ली. शेवटी पोरगं खांबाला धरून वरडलं की आबा, कबड्डी, कबड्डीतला गडी. तुमाला कबड्डी कळंना. हुतूतू म्हणल्यावर कळलं. मग काठी टेकवत तुमी त्याच्या मागनं जुन्या गावातल्या चावडीमागच्या पटांगणात गेला, दिवस मावळस्तोर दगडावर बसला आन घरी येऊन म्हशीला म्हणाला, म्हशे, पोरगं घोटा धरतंय, एकदा धरला की सोडत न्हाय, त्याला दूध जास्त घालायला सांग. तवापासनं घरातलं ताक पातळ झालं, ते तुमच्या ध्यानात आलं न्हाय. मी म्हणलंच, तुमच्या ध्यानात काय राहत न्हवतं.

मग ती सगळी वर्षं. खेळ तसा साधा. पलीकडनं एक जण दम धरून कबड्डी कबड्डी करत येतो, ह्यांना शिवून पळायला बघतो. त्याला धरायचं. कोपऱ्यातला गडी वाट बघत वाकून उभा असतो, पाय पुढं आला की झडप घालून घोटा पकडतो, आन मग बाकीचे त्याच्यावर येऊन पडतात. म्हणजे सगळ्यात खाली कोण, तर धरणारा. ज्याचं नाव भोंग्यावर घेतात तो वर असतो. माझा लेक कायम खाली. त्याच्या अंगाची कातडी सलग अशी कवा राहिलीच न्हाय. ढोपर बरं झालं की कोपर, कोपर बरं झालं की हनुवटी. मी हळद गरम करायची, तो चुलीपाशी बसून हात पुढं करायचा, एक बोट एकीकडं, दुसरं बोट भलतीकडं. दुखतंय का इचारलं की म्हणायचा, दुखतंय पण चालतंय. गावाकडनं खेळला, तालुक्याकडनं खेळला, जिल्ह्याकडनं खेळला, टरकातनं गेला, यष्टीच्या टपावर बसून आला. चढाईला कवा गेला न्हाय. फक्त बाकीचे बाद झाले की जायचा, रेष शिवायचा आन परत यायचा, काडीचा लोभ न करता.

आन चढाईला जायचा तो कप्तान, मोठ्या घरचा नातू. खोटं कशाला बोलू, पोरगं देखणं होतं आन खेळायचंबी तसंच. तो चढाईला निघाला की बाया धुण्याचे पिळे हातात धरून बघत राहायच्या. तो मारून यायचा, माझा लेक धरून ठेवायचा, अशी त्यांची जोडी. येरमाळ्याच्या बाजूला जत्रेत सामने होते, त्याची तुमाला याद असंल, तुमीच पोरासंगं गेला होता. कप्तान बाद, सगळे बाद, आपल्याकडं एकटा डावा कोपरा, आन समोरनं त्यांचा सगळ्यात जबर गडी. धरला की त्याला एकट्यानं. मागं पडायलाबी कुणी न्हवतं, तरी धरला, आन वढत वढत रेषेपतोर गेला, पण सोडला न्हाय. कप आला. कप मोठ्या घरी गेला. खांद्यावर बसून गावात आला तो कप्तान, आन मागनं पिशव्या घेऊन आला तो आपला. तुमी त्याला इचारलं, तुला काय मिळालं रं. तो म्हणाला, आबा, कप आला की गावात. तुमी जेवून उठल्यावर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून हळू म्हणाला, “म्हशे, ह्या पोराला सोतासाठी मागता येत न्हाय. मला ह्याची भीती वाटती.” मी भांडी घासत म्हणलं, म्हशे, शिकंल हळूहळू. त्याच थंडीत तुमी गेला.

शिकला न्हाय, मामा. तुमी गेल्यावर भूकंप झाला. तुमी बघितला न्हाय ते बरं. जुनं गाव, चावडी, पटांगण, सगळं मातीत गेलं, आता तिथं बाभळी हायत. आपण रांगेतल्या नव्या घरात राहतो, दारं सगळी सारखी, तुमी असता तर रोज शेजाऱ्याच्या घरात शिरून जेवायला मागितलं असतं. लेकाला एका साखर कारखान्याच्या संघात घेतलं, तिथंच कामालाबी लावलं. तिथंबी कप्तान तोच मोठ्या घरचा, आन हा डावा कोपराच. गुडघा गेला तरी पट्टी बांधून खेळला, कारण कप्तानानं सांगितलं होतं, तू उभा राहा, तू नुसता उभा असलास तरी समोरचा बिचकतोय. मग कारखान्यानं संघ मोडला, आन मग कारखानाच मोडला. हा लंगडत शेतावर आला. कप्तान पुढारी झाला. आता त्याला सगळी साहेब म्हणत्यात. चौकात त्याचं मोठं चित्र लावत्यात, दोन्ही हात जोडलेलं. मी नातीला म्हणते, ह्या माणसाला मी कवा कुणापुढं हात जोडताना बघितलं न्हाय, चित्रातच कसा जोडतोय. निवडणूक आली की साहेबाची गाडी दाराशी, आन माझा लेक पायात चप्पल सरकवत बाहेर. सभेला माणसं गोळा करायला हाच, सतरंज्या उचलायलाबी हाच.

तर औंदा साहेबानं लोहाऱ्याला मोठे सामने घेतले. आता मातीत खेळत न्हायत मामा, रबराची गादी असती, तिच्यावर बूट घालून जायला बंदी. जुन्या खेळाडूंचा सत्कार हाय म्हणून आमाला जीपनं नेलं. मी नवं लुगडं नेसले. लेकाला शाल, नारळ, फेटा. तिथपतोर बरं होतं, खरंच बरं होतं, मी बाजूच्या बाईला सांगितलंबी की हा माझा. मग साहेबानं माइक घेतला. लेकाच्या खांद्यावर हात टाकला आन म्हणाला, “हा माझा भरवशाचा गडी. आजबी हाक मारली की दारात हजर.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाजूच्या बाईनंबी वाजवल्या. सगळ्यांच्या कानात खेळातला गडी गेला. माझ्या कानात दुसरा गेला, मामा, तुमचा. आन मी लेकाकडं बघितलं, तर तो हसत होता, बक्षीस मिळाल्यागत.

तरी मी म्हणलं, शब्दच हाय, जाऊ दे. पण मग जुन्या संघाचा फोटो काढायला सगळ्यांना गादीवर बोलावलं. बूट काढायचे. साहेबाची कंबर धरलीय, वाकता येईना. तो नुसता उभा राहिला, इकडं तिकडं बघितलं, आन मामा, माझा लेक खाली बसला. त्याचा गुडघा बसताना कसा वाजतो ते मला घरात पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. तो बसला, साहेबाच्या बुटाची नाडी सोडली, घोट्याला हात लावला आन बूट वढून काढला. एक काढला, मग दुसरा. ज्या हातानं जिल्ह्याचे गडी लोळवले त्या हातानं. भोंग्यावर बोलणारा म्हणाला, बघा मंडळी, पकड अजून ढिली झाली न्हाय. सगळा मांडव हसला. साहेब हसला. लेकबी हसला. त्या बुटांचा वास मला रांगेत बसून आला म्हणलं तर नात म्हणती, आज्जी, येवढ्या लांबनं येत न्हाय. आला, मला आला. फोटोत बघशीला तर सगळे एकमेकांचा हात धरून उभे हायत, आन माझ्या लेकाच्या एका हातात कप्तान आन दुसऱ्या हातात कप्तानाचे बूट.

घरी आल्यावर पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं आपटून इचारलं, बूट कशाला काढलास.

“आई, त्याला वाकता येत न्हाय.”

“तुझा गुडघा वाकतोय का?”

त्यानं खरंच इचार केला. मग म्हणाला, “वाकला की तवा.”

अशा माणसाला काय शिव्या द्यायच्या, सांगा. आन तवाच त्यानं ते काढलं. पाडव्यापासनं लोहाऱ्याजवळ साहेबाच्या मळ्यातल्या बंगल्यावर जायचंय, तिथंच राहायचं, नुसतं ध्यान ठेवायचं, चार गायी हायत, पाण्याची मोटर हाय. मी म्हणलं, पाडव्यापासनंच का, होळीपासनं का न्हाय? तो म्हणाला, तसलं काय न्हाय आई, मॅनेजर म्हणून बोलावलंय. मॅनेजर शेण काढतो का रं, असं मी इचारलं. मी तुमचं नाव काढलं. देव्हाऱ्यापुढं तुमी काय म्हणाला होता ते सांगितलं. तुमची आण घालायची तेवढी राहिली. तो खाली बघून म्हणाला, “आबाचं येगळं होतं, आई. साहेबाचा आजा त्यांचा मालक होता. हा माझा कप्तान हाय.”

म्हणलं, खेळ कवाच संपलाय.

“त्यानं हाक मारली की मला जावंच वाटतंय,” म्हणाला. “मी न्हाय गेलो तर डाव्या बाजूला कोण हाय?”

साठीला आलेला माणूस. डोळे मात्र तसेच, खांबाला धरून वरडणाऱ्या पोराचे. मला त्याची किळस आली आन मायाबी आली, दोन्ही एकाच येळंला. साहेबाची नुसती किळस येती, ते सोपं असतं. लेकाची आली तर ती कुठं थुंकायची?

पाडव्याला दारात गुढी उभी केली, कडुलिंब वाटला, आन तो धुतलेला सदरा घालून मोटारसायकलवर गेला. जाताना माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले. त्याला वाटलं, माझे पाय दुखतात. आठ दिवसांनी आला तर बरा दिसला, सांगायला लागला की गायी गुणी हायत, साहेब येता जाता इचारपूस करतो, आन जेवण तर आई लई चांगलं, रोज दोन भाज्या. मी इचारलं, जेवतोस कुठं. म्हणाला, मागच्या ओट्यावर. ताट त्यांनी वेगळं ठेवलंय, मीच धुतो आन वळचणीला खोचून ठेवतो.

हितं नातीनं लिहायचं थांबवलंय, मामा. तिला हे ठाव न्हवतं. “आज्जी, बाबा मागच्या ओट्यावर जेवत्यात?” म्हणती. व्हय म्हणलं. “बाबांबद्दल असं लिहू?” लिही. तुझ्या पणज्याचं ताटबी तिथंच खोचलेलं असायचं. काम कुणाचंबी करावं लागतं, त्याची लाज न्हाय. तुमी केलं, मी लोकाच्या रानात खुरपलं. पण ताट वळचणीला खोचलं की माणूस त्या घराचा होतो, आन त्या घराचा कवाच होत न्हाय.

तुमाला भीती वाटली होती ती खरी झाली, हे सांगायला येवढा कागद खराब केला. आन एक सांगते, हे म्हशीलाबी सांगितलं न्हवतं. मला त्या खेळातलं कायच कळत न्हाय. किती गुण झाले, कोण बाद, कोण जितलं, मला कवा समजलं न्हाय. सगळी माणसं त्याच्यावर पडली की मी ढिगाकडं बघत बसायची. तो खालनं उठला, अंग झाडलं, की माझा सामना झाला. आता बसले तशीच. अजून उठंना.

नात इचारती, पत्ता काय घालू. म्हणलं, पत्ता त्यांच्या त्यांनाच याद नसंल. घडी घालून पेटीत ठेव, लुगड्याच्या खाली. तिथनं कुठं जायचं न्हाय ते.

आन आता पेन ठेव आन आईला जाऊन सांग. उद्यापासनं सकाळच्या लोहाऱ्याच्या जीपला तुझ्या बापाचा डबा द्यायचा. ज्वारीच्या दोन भाकरी, मऊ, त्याची दाढ हलतीय. शेंगांची चटणी वरनं तेल घालून. वांगं भरलेलं, रस्सा न्हाय, जीपमधी सांडतो. कांदा आक्खा द्या, फोडायला त्याला हात हायत. डबा पुढच्या दारानं आत न्यायचा म्हणावं, पुढंच बसून उघडायचा. चटणी जरा जास्तच घाला. साहेबानं मागितली तर त्यालाबी वाढ म्हणावं, आपल्या डब्यातली.